रद्दीतून वाचलेला गुप्तहेर

१/
माझ्या कपाटात एकाच माणसाचा मृत्यू चार वेळा छापलेला आहे. माणूस काल्पनिक आहे, नाव फ्लॅटटॉप. डोके वरून फळीसारखे सपाट, पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि धंदा सुपारी घेऊन माणसे मारण्याचा. मे १९४४ मध्ये अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या वाचकांनी त्याला पाण्यात बुडून मरताना पाहिले. तोच मृत्यू माझ्याकडे १९७० च्या एका जाडजूड ग्रंथात आहे, १९८० च्या दशकातील स्वस्त अंकांत आहे, या शतकात निघालेल्या समग्र संचात आहे आणि एका कात्रणांच्या वहीतही आहे. चित्रकार एक, रेषा त्याच. तरीही या चार ठिकाणी आपण चार निरनिराळ्या गोष्टी वाचत असतो. असे का होते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून काय घ्यावे, हे सांगण्यासाठी आजचा हा धागा. लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम नायकाची ओळख. डिक ट्रेसी हा पोलीस खात्यातील गुप्तहेर. त्याचा जनक चेस्टर गूल्ड. गूल्डचा जन्म १९०० सालचा, ओक्लाहोमातील पॉनी या गावचा. चित्रकार व्हायचे म्हणून तो १९२१ मध्ये शिकागोला आला. पुढची दहा वर्षे त्याने एकामागून एक कल्पना वर्तमानपत्रांच्या मालकांपुढे ठेवल्या आणि बहुतेक साभार परत घेतल्या. अखेर १९३१ मध्ये ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’चे जोसेफ मेडिल पॅटरसन यांनी एक कल्पना उचलली. गूल्डने नायकाचे नाव ‘साध्या वेशातला ट्रेसी’ अशा अर्थाचे ठेवले होते. पॅटरसननी ते बदलून डिक केले, कारण त्या काळच्या अमेरिकी बोलीत गुप्तहेराला ‘डिक’च म्हणत. ४ ऑक्टोबर १९३१ रोजी ‘डेट्रॉइट मिरर’ च्या रविवारच्या अंकात तो प्रथम दिसला आणि १२ ऑक्टोबरपासून दैनिक चित्रपट्टी सुरू झाली. गूल्डने ती २५ डिसेंबर १९७७ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षांहून अधिक काळ चालवली.

३/
या तारखांकडे जरा लक्ष द्या. ऑक्टोबर १९३१ मध्येच अल कपोन शिकागोच्या न्यायालयात उभा होता. १७ तारखेला तो करचुकवेगिरीत दोषी ठरला आणि २४ तारखेला त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. दारूबंदी अद्याप उठली नव्हती. ती उठली १९३३ मध्ये. बेकायदा दारूच्या पैशावर टोळ्या पोसल्या जात होत्या आणि पोलीस व नगरसेवक त्यांच्या खिशात आहेत, ही गोष्ट लोकांना नवी राहिली नव्हती. अशा शहरात राहणाऱ्या चित्रकाराने न विकला जाणारा पोलीस रेखाटला. पहिल्याच कथेत दरोडेखोर एका दुकानदाराला त्याच्या घरात ठार मारतात. तो दुकानदार म्हणजे ट्रेसीच्या वाग्दत्त वधूचे, टेस ट्रूहार्टचे वडील. ट्रेसी पोलिसांत जातो तो या खुनानंतर. त्याच्या सुरुवातीच्या शत्रूंत ‘बिग बॉय’ नावाचा टोळीप्रमुख आहे, आणि तो कोणावरून बेतला हे वाचकांना सांगावे लागले नाही.

४/
गूल्डने या पट्टीत दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे तपासाचे शास्त्र. १९२९ च्या सेंट व्हॅलेंटाइन दिनी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. त्यानंतर बंदुकीच्या गोळीवरून बंदूक ओळखण्याच्या शास्त्राला चालना मिळाली आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या आश्रयाने एक गुन्हे-प्रयोगशाळा उभी राहिली. ट्रेसीच्या पट्टीत ठसे, गोळ्या आणि सूक्ष्मदर्शक सतत दिसतात ते याच काळाचे लेणे. जानेवारी १९४६ मध्ये गूल्डने त्याच्या मनगटावर दुतर्फा बोलता येणारा रेडिओ बांधला. दुसरी गोष्ट म्हणजे विद्रूप खलनायक. प्रूनफेसचा चेहरा सुकलेल्या फळासारखा, तर ‘द ब्राऊ’ च्या कपाळावर वळ्याच वळ्या. गुन्हा कुरूप असतो, म्हणून गुन्हेगारही कुरूप दिसला पाहिजे, अशी गूल्डची धारणा होती. या धारणेकडे पुढे पुन्हा येऊ.

५/
आता वस्तूकडे वळू. वर्तमानपत्रातील चित्रपट्टीचे आयुष्य एका दिवसाचे. चित्रकार शाईने मोठ्या आकारात चित्र काढी. सिंडिकेट, म्हणजे एकच मजकूर अनेक पत्रांना विकणारी संस्था, त्यावरून कागदी लगद्याचे साचे करून गावोगावच्या छापखान्यांना टपालाने पाठवी. तिथे त्या साच्यात धातू ओतून ठसा तयार होई, अंक निघे आणि ठसा पुन्हा वितळवला जाई. कागदही लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. त्यातील लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, आम्ल वाढते आणि काही दशकांत घडीवर कागद तुटू लागतो. म्हणजे या कलाकृतीच्या प्रती लाखोंनी निघाल्या, पण टिकावी म्हणून एकही काढलेली नव्हती. सकाळी वाचायची, संध्याकाळी तिच्यात मासळी गुंडाळायची. आपल्याकडे रद्दीवाल्याचा तराजू होता.

६/
या वाटेला मी कशी लागले, तेही सांगते. नोकरीनिमित्त मी काही वर्षे शिकागोच्या एका उपनगरात राहिले. तिथल्या ग्रंथालयात वर्षातून एकदा नको असलेली पुस्तके मातीमोलाने विकत. अशाच एका विक्रीत ट्रेसीचा १९७० चा ग्रंथ माझ्या हाती आला. आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का होता आणि त्यावर ‘बाद’ अशा अर्थाचा दुसरा शिक्का. तो पाहून मी थबकले, कारण त्याच्या आदल्याच वर्षी आमचे साताऱ्याचे जुने घर पाडले होते. माझ्या वडिलांनी शाळकरी वयापासून वर्तमानपत्रांतील कात्रणे चिकटवून अकरा वह्या भरल्या होत्या. घर रिकामे करण्याच्या घाईत त्या किलोच्या भावाने गेल्या. वडील तेव्हा हयात नव्हते आणि मी सात समुद्रांपलीकडे. वह्यांत काय होते हे आता कोणालाच नीट आठवत नाही. माझ्या संग्रहाचे मूळ बहुधा या न आठवण्यात असावे.

७/
संग्रह करू लागले आणि पहिला धडा मिळाला : पुनर्मुद्रणालाही स्वतःचा इतिहास असतो. ट्रेसीचे पहिले पुस्तक १९३२ च्या डिसेंबरात निघाले, मूळ पट्टी सुरू होऊन जेमतेम चौदा महिने झाले असताना. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथील व्हिटमन कंपनीने लहान मुलाच्या मुठीत मावेल असे बुटके, जाड पुस्तक काढले. किंमत दहा सेंट. ‘बिग लिटल बुक’ या पुढे गाजलेल्या मालेचे हेच पहिले पुष्प. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर एक चित्र. संवादाचे फुगे काढून टाकलेले आणि त्यांच्या जागी खाली एक ओळ. म्हणजे पहिल्याच पुनर्मुद्रणाने पट्टी मोडून तिची गोष्ट केली. महामंदीच्या काळात दहा सेंटांत पुष्कळ पाने हातात पडत होती, आणि ग्राहकाला हवे होते तेच प्रकाशकाने दिले. मूळ रूप जपण्याची कल्पना तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती.

८/
दुसरा धडा अधिक रंजक आहे. १९५० पासून सुमारे अकरा वर्षे हार्वी कंपनी ट्रेसीच्या जुन्या पट्ट्या कॉमिक्सच्या मासिक रूपात छापत होती. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी ओरड झाली. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच एक आचारसंहिता लादून घेतली. संहितेचा शिक्का नसलेले मासिक विक्रेते ठेवीनात. मात्र ही संहिता मासिकांना लागू होती, वर्तमानपत्रांना नव्हे. परिणाम असा, की जी चित्रे दहा वर्षांपूर्वी घरोघरच्या सकाळच्या पत्रात निर्वेधपणे छापली गेली होती, तीच मासिकात येताना सौम्य करावी लागली. त्या काळच्या हार्वीच्या अंकांत रक्त आणि गोळ्यांच्या खुणा पुसलेल्या आढळतात. हे अंक १९४० च्या दशकाचे साधन म्हणून वापराल तर फसाल. १९५० च्या दशकातील भयाचे साधन म्हणून मात्र ते उत्तम आहेत.

९/
ग्रंथालयातून आणलेला तो १९७० चा ग्रंथ चेल्सी हाऊस या प्रकाशनाचा. त्यात १९३१ ते १९५१ या काळातील निवडक प्रकरणे आहेत आणि प्रास्ताविक रहस्यकथाकार एलरी क्वीन यांचे आहे. तोवर वर्तमानपत्रातील चित्रपट्टी ही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवण्याजोगी वस्तू नव्हती. या ग्रंथाने तिला बांधणी दिली, प्रस्तावना दिली, प्रतिष्ठा दिली. पण निवड आली की वगळणेही आले. संपादकाने स्वाभाविकपणेच गाजलेले खलनायक निवडले. वाचकाला एका खलनायकाच्या अंतानंतर लगेच दुसरा भेटतो. मधले संथ आठवडे आणि घरगुती प्रसंग गळतात. पुढे ट्रेसीविषयी लिहिणाऱ्या अनेकांच्या मनात तो ‘विचित्र खलनायकांची मिरवणूक’ म्हणूनच ठसला. ही प्रतिमा जितकी गूल्डची तितकीच त्या निवडीचीही आहे, असे मला वाटते.

१०/
१९८० च्या दशकात ब्लॅकथॉर्न या छोट्या प्रकाशनाने ट्रेसीच्या पट्ट्या आधी मासिक आणि मग साप्ताहिक अंकांतून छापल्या. कागद साधा, छपाई कोठे गडद तर कोठे पुसट. आज या अंकांना फारसा मान नाही. मला मात्र ते प्रिय आहेत, कारण त्यांत थांबणे शिल्लक आहे. अंक संपतो तेव्हा ट्रेसी संकटात असतो आणि पुढचा अंक हाती येईपर्यंत तो तसाच राहतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हे अंक गोळा करताना क्रमाने मिळत नाहीत. सव्विसावा आधी सापडला, पंचविसावा दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत मी मनाशी जे तर्क लढवले, ते १९४० च्या दशकातील वाचकानेही रोज रात्री लढवले असणार. कथेची पाने माझ्यापर्यंत उशिरा आली, पण तिची मूळ लय त्याच उशिरामुळे थोडीफार कळली.

११/
आता एक प्रश्न. हे सगळे पुनर्मुद्रण कशावरून झाले? काही चित्रे चित्रकाराकडे आणि सिंडिकेटकडे होती, काही चांगल्या कागदावरील मुद्रितांच्या रूपात. उरलेल्यासाठी आधार होता तो वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांचा. आणि नेमके तेच खंड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ग्रंथालये काढून टाकत होती. अंकांची मायक्रोफिल्म घ्यायची आणि कागद मोडीत द्यायचा, असा शिरस्ता पडला. फिल्ममध्ये जागा वाचते, पण रविवारच्या रंगीत पानांचे रंग जातात, बारीक रेषा भरून येतात, आणि एखादे पान फोटो घेताना सुटले तर ते कायमचेच सुटते. मी एका ग्रंथालयात अशी फिल्म यंत्रावर फिरवून पाहिली आहे. प्रूनफेसच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, ज्यांच्यामुळे त्याला नाव मिळाले, त्या तिथे काळ्या डागात विरघळल्या होत्या.

१२/
या मोडीच्या लाटेपुढे उभा राहिलेला माणूस म्हणजे बिल ब्लॅकबिअर्ड. त्याने ग्रंथालयांकडे ते खंड मागितले. उत्तर मिळाले, की व्यक्तीला देता येत नाहीत, संस्थेला देता येतील. तेव्हा त्याने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आपल्या घरातच ‘अकादमी ऑफ कॉमिक आर्ट’ नावाची संस्था काढली. पुढची तीस वर्षे हा गृहस्थ देशभरातून खंड आणत राहिला आणि कात्रीने पट्ट्या कापून तारीखवार लावत राहिला. घर कागदाने भरले. अखेरीस १९९० च्या दशकाच्या शेवटी तो संग्रह ओहायो राज्य विद्यापीठात गेला. त्याचे वजन सुमारे ७५ टन होते. अमेरिकी चित्रपट्ट्यांची आज निघणारी कितीतरी देखणी पुनर्मुद्रणे या ७५ टनांचे ऋण मानतात. आपण त्याला वेडा म्हणू शकतो. वि. का. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडत होते तेव्हा त्यांनाही लोक काय म्हणत असतील, याची कल्पना करावी.

१३/
२००६ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने गूल्डचा समग्र ट्रेसी छापण्यास आरंभ केला आणि २०२० मध्ये २९ व्या खंडाने तो पुरा झाला. हिशोब केला तर गूल्डच्या कारकिर्दीचे दिवस साधारण १६ हजार ९०० भरतात. एका खंडात सरासरी एकोणीस महिने. पहिल्या पट्टीपासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत सारे ओळीने वाचता येते, हे यापूर्वी कधीही शक्य नव्हते. मी हे खंड पगाराच्या दिवसागणिक एकेक करून घेतले. तरीही ‘समग्र’ या शब्दापुढे अभ्यासकाने थोडे थांबावे. या संचात रविवारची पाने काळ्यापांढऱ्यात आहेत. मुळात ती रंगीत होती. रंग पाहायचा तर २०१६ मध्ये सनडे प्रेसने काढलेले, १९३० च्या दशकातील रविवारच्या पानांचे मोठ्या आकाराचे पुस्तक वेगळे घ्यावे लागते.

१४/
समग्र संचाचा खरा उपयोग निराळा आहे. निवडक ग्रंथाने जे झाकले ते तो उघडे करतो, आणि त्यातले सगळेच सुखद नाही. १९४२-४३ च्या हिवाळ्यातील प्रूनफेस हा नाझींचा हस्तक. तो गोठून मरतो तेव्हा युद्धकाळातील वाचकाला न्याय झाल्याचे समाधान मिळते. पण विद्रूप चेहरा म्हणजे पापी मन हे समीकरण वर्षानुवर्षे, रोज, मुलांच्या डोळ्यांपुढे गिरवले जात होते हे ओळीने वाचल्यावरच जाणवते. १९६० च्या दशकात नायक अंतराळयानातून चंद्रावर जातो, ‘मून मेड’ नावाची चंद्रकन्या पृथ्वीवर येते. त्याच दशकात संशयिताला चौकशीपूर्वी त्याचे हक्क सांगितलेच पाहिजेत असा निकाल मिरांडा खटल्यात लागला, १९६६ मध्ये. न्यायालये पोलिसांचे हात बांधतात ही गूल्डची तक्रार त्यानंतर पट्टीत वारंवार येते. १९३१ मध्ये भ्रष्ट शहरावर चिडलेला चित्रकार उतारवयात बदलत्या काळावर चिडला. हा प्रवास निवडक पुस्तकातून दिसत नाही. तो न आवडणाऱ्या खंडांसकट सगळे खंड ठेवले तरच दिसतो. म्हणूनच ते मी विकले नाहीत.

१५/
आता कात्रणांच्या वहीकडे येते. एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मला ती मिळाली. पुठ्ठ्याचे वेष्टन, नाव नाही, आत पेन्सिलीने घातलेले आकडे. जानेवारी ते सप्टेंबर १९४४. अक्षरावरून कोणा शाळकरी मुलाची किंवा मुलीची. मी ती समग्र खंडाशेजारी ठेवून दिवसागणिक ताडून पाहिली. आणि ध्यानात आले, की वहीत एकही रविवार नाही. त्या घरी बहुधा रविवारचे पत्र येत नसावे. म्हणजे या मुलाने फ्लॅटटॉपची गोष्ट सात दिवसांतले सहाच दिवस वाचली. तरी त्याची गोष्ट तुटली नाही, कारण रविवारी घडलेल्याचा सारांश गूल्ड सोमवारच्या पट्टीत विणून घेई. काही पत्रे फक्त रोजची पट्टी विकत घेत, काही फक्त रविवारची. दोन्ही वाचकांना चालेल असे लिहिणे ही त्याची नित्याची कसरत होती. समग्र खंडात हे सोमवार पुनरुक्तीसारखे वाटून कंटाळा आणतात. वहीत ते आधारस्तंभ आहेत.

१६/
मार्चमधील चार दिवस वहीत कोरे आहेत. कात्रणे गळालेली नाहीत, तिथे गोंदाचा डागही नाही. आजार, प्रवास, की पत्रच आले नाही? कळण्यास मार्ग नाही. पण मुलाने त्या चार दिवसांची जागा मोजून सोडली आहे, कधीतरी मिळतील म्हणून. काही कात्रणे एकाच कडेने चिकटवलेली आहेत, त्यांची मागची बाजू उलटून पाहता येते. एका पट्टीमागे युद्धरोख्यांची जाहिरात आहे, दुसरीमागे मांस आणि साखरेच्या रेशनचे कोष्टक. इथे मी बराच वेळ थांबले. कारण फ्लॅटटॉपला ट्रेसीच्या खुनाची सुपारी देणारे लोक कोण, तर काळाबाजारवाले. ज्या घरात साखर मोजून वापरली जात होती, तिथे या शत्रूचा अर्थ कोणाला समजावावा लागत नव्हता. हा अर्थ कागदाच्या मागच्या बाजूला होता, आणि कोणत्याही पुनर्मुद्रणात मागची बाजू नसते.

१७/
ही वही माझ्याकडे आहे हे कळल्यावर एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला गाठले. फार सज्जन गृहस्थ. माझे अनेक दुर्मीळ अंक त्यांच्याच मदतीने मिळालेले. मूळ वर्तमानपत्रांतील कात्रणांचा त्यांचा क्रम चाळीस वर्षांत जवळजवळ पुरा झाला होता. फक्त मे १९४४ चे नऊ दिवस नव्हते, आणि ते वहीत होते. वाफ देऊन पाने सोडवू, गोंद जुना आहे, सुटेल, असे ते म्हणाले. मोबदला मोठा देत होते. त्यांचा आग्रह गैर नव्हता. त्यांना क्रम पुरा करायचा होता, आणि या वयात आणखी किती वाट पाहणार? मी दोन आठवडे विचार केला. मग नऊही दिवसांच्या स्वच्छ प्रतिमा करून त्यांना दिल्या, वही मात्र फोडली नाही. ते नाराज झाले. आमचे बोलणे आता पूर्वीसारखे नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

१८/
पण त्या दोन आठवड्यांत माझ्या मनाशी एक गोष्ट निश्चित झाली. नऊ कात्रणे सोडवली असती तर ट्रेसीचा संग्रह पुरा झाला असता आणि त्या मुलाची वही संपली असती. पट्टी आज इतर ठिकाणी सुरक्षित आहे. २९ खंडांत आहे, विद्यापीठांत आहे. ती एका घरात कशी वाचली गेली याचा पुरावा मात्र या वहीपलीकडे कोठेच नाही. संस्थाही चिरंजीव नसतात. गूल्डच्या वुडस्टॉक गावात जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १९९१ मध्ये उभारलेले ट्रेसीचे संग्रहालय २००८ मध्ये बंद झाले. म्हणून वहीच्या सगळ्या पानांच्या, मागच्या-पुढच्या प्रतिमा मी करून ठेवल्या आहेत, आणि मूळ वही चित्रपट्ट्या सांभाळणाऱ्या एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवण्याचे ठरवले आहे. माझ्या कपाटात ती आणखी एक पिढी टिकेल. पुढच्या पिढीला ती रद्दीच वाटणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

१९/
तर तरुण मित्रांनो, कोणतेही पुनर्मुद्रण हाती आले, मग ती चित्रपट्टी असो, बखर असो की जुन्या नियतकालिकाचा ‘निवडक’ खंड, काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. हे कोणत्या प्रतीवरून छापले? केव्हा, आणि तेव्हा छापणाऱ्याला कशाचे भय किंवा कशाची हौस होती? काय गाळले? आकार, रंग आणि क्रम मूळचाच आहे का? तारखेची आणि हक्काची ती कोपऱ्यातील बारीक ओळ ठेवली आहे की पुसली? आणि शेवटचा प्रश्न : मूळ वाचकाने हे याच रीतीने वाचले होते का? १९४४ मध्ये एकानेही एकोणीस महिन्यांची कथा एका बैठकीत वाचलेली नाही. आपण वाचतो. म्हणून नवी प्रत आली तरी जुनी टाकू नये. हार्वीची पुसलेली चित्रे, व्हिटमनचे फुगे नसलेले बुटके पुस्तक, ब्लॅकथॉर्नचा पुसट अंक, ही सगळी आपापल्या काळाची साक्ष आहे. साक्षीदार जितके जास्त, तितकी उलटतपासणी चांगली होते. हे ट्रेसीलाही पटावे.

२०/
जाता जाता कामाच्या चार गोष्टी. घरी कोणाच्या कात्रणांच्या वह्या असतील तर रद्दीवाला येण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. प्रत्येक पानाची प्रतिमा घ्या, जमेल तिथे मागच्या बाजूचीही. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, ती कागदाला डाग पाडते. वही आडवी ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, शक्यतो आम्लरहित कागदात गुंडाळून. आणि सर्वांत महत्त्वाचे : ती कोणी केली, कोणत्या गावी, घरी कोणते पत्र येत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद वहीतच ठेवा. माझ्याकडच्या वहीत सगळे आहे, फक्त तेवढे एक नाव नाही. वडिलांच्या अकरा वह्यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले आहे. धागा येथे थांबवते.